फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपचे फिल्टर: कोकणातल्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर नव्याने बसलेल्यांच्या तक्रारी दोनच असतात. एक, "काहीच दिसत नाही, सगळं काळं आहे." दुसरी बरोबर उलटी, "सगळंच हिरवं दिसतंय." दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा फिल्टरमध्ये असतं, पण तिथे कोणी बघत नाही. रंगाची नवी कुपी फोडली जाते, पेशी पुन्हा रंगवल्या जातात, आणि आठवडा फुकट जातो.

रत्नागिरी, दापोली, मालवण, अलिबाग या पट्ट्यात प्राणिशास्त्र, मत्स्यविज्ञान किंवा वनस्पतिशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. त्यामुळे उदाहरणंही इथलीच आहेत: कालवं, तिवराची पानं, गडग्यावरचं शेवाळ. आणि पावसाळ्याचा त्रासही इथलाच.

आधी क्यूबमध्ये काय असतं ते समजून घ्या

पेशीला लावलेला रंग एका लांबीची प्रकाशलहर शोषतो आणि तिच्यापेक्षा जास्त लांबीची लहर बाहेर टाकतो. जॉर्ज स्टोक्स यांनी हे १८५२ मध्ये मांडलं, म्हणून या दोन लांबींमधल्या फरकाला आजही स्टोक्स शिफ्ट म्हणतात. हा फरक बऱ्याच रंगांत वीस-पंचवीस नॅनोमीटरचाच असतो. सगळा खेळ तेवढ्या जागेत चालतो.

फिल्टर बसवलेला मायक्रोस्कोपमधला छोटा चौकोनी डबा म्हणजे क्यूब. त्यात तीन काचा असतात. पहिली एक्सायटेशन फिल्टर. दिव्याच्या उजेडातला रंगाला लागणारा पट्टा तेवढा ती पुढे सोडते. दुसरी पंचेचाळीस अंशात तिरकी बसवलेली डायक्रोइक काच. ती कमी लांबीचा उजेड आरशासारखा परतवून खाली ऑब्जेक्टिव्हकडे पाठवते आणि पेशीकडून आलेला जास्त लांबीचा उजेड आरपार वर जाऊ देते. तिसरी एमिशन फिल्टर. डोळ्याकडे किंवा कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा शेवटचा पहारा. वरून उजेड टाकून त्याच ऑब्जेक्टिव्हमधून परत बघण्याची ही डायक्रोइकची रचना १९६० च्या दशकात नेदरलँड्सच्या प्लोम यांनी रुळवली आणि आजही तीच चालते.

पेशीतून येणारी चमक दिव्याच्या उजेडापुढे अगदीच नगण्य असते. दिव्याचा लाखातला एक भाग जरी गळून डोळ्यापर्यंत आला तरी ती बुडते. म्हणून चांगल्या फिल्टरच्या कागदावर ओडी ५ किंवा ओडी ६ असा आकडा असतो (ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, उजेड अडवण्याचं माप). ओडी ६ म्हणजे नको असलेल्या उजेडाचा दहा लाखांतला एकच भाग सुटतो. फिल्टरची परीक्षा करताना पेशी किती चमकतात हे नंतर बघा, आधी पार्श्वभूमी किती काळी आहे ते बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या काळेपणासाठीच आहेत.

दिवा कोणता आहे?

हा प्रश्न रंगाच्याही आधी विचारायचा. जुन्या यंत्रांवर पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्याचा उजेड सगळीकडे सारखा नसतो, तो ठरावीक ठिकाणी उसळतो: ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७७-५७९ नॅनोमीटर. म्हणून पाऱ्याच्या दिव्यावर डॅपी, म्हणजे केंद्रकं निळी चमकवणारा रंग, झकास दिसतो, कारण त्याला ३६० च्या आसपासचा उजेड लागतो. रोडामीनसारखे नारिंगी रंगही छान दिसतात, कारण ५४६ चा झोत त्यांच्या शिखराशेजारीच पडतो. हिरवा चमकणारा एफआयटीसी हा रंग मात्र अपेक्षेपेक्षा फिका वाटतो, कारण ४९० च्या आसपास पाऱ्याचा उजेड कमीच असतो. फिका दिसला म्हणून लगेच रंग दुप्पट टाकू नका. आधी कॅमेऱ्याचा एक्स्पोजर वाढवून बघा.

नव्या यंत्रांवर एलईडी असतो, आणि इथे एक सापळा आहे. जुना दिवा काढून एलईडी बसवतात आणि क्यूब जुनेच ठेवतात. जुन्या डॅपी क्यूबचा एक्सायटेशन फिल्टर बहुधा ३५०/५० असतो, म्हणजे ३२५ ते ३७५. एलईडी मात्र पुष्कळदा ३८५ किंवा ३९५ चा असतो. त्याचा जवळजवळ सगळा उजेड फिल्टरच अडवतो आणि पडदा काळा राहतो. केंद्रकं रंगलेली असतात, दिवा लागलेला असतो, दोष कुणाचाच दिसत नाही. एलईडीच्या कागदावरची लांबी आणि क्यूबवरचे आकडे शेजारी शेजारी लिहून बघितले की दोन मिनिटांत कारण सापडतं. साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील उजेड जवळपास नसतोच, तेव्हा त्याच्यावर डॅपीचा नाद सोडा.

पाऱ्याचा दिवा असेल तर वीज ही आणखी एक बाब. इथे जून-जुलैत वारा सुटला की वीज जाते आणि पाच मिनिटांत परतही येते. गरम पाऱ्याचा दिवा तेव्हा लगेच पेटवायचा नाही. अर्धा तास थंड होऊ द्यायचा. तसंच एकदा पेटवला की अर्धा तास तरी विझवायचा नाही. शंभर वॅटच्या बल्बचं आयुष्य साधारण दोनशे तास असतं, ते उलटून गेल्यावर बल्ब फुटण्याची भीती असते. दिव्याला यूपीएस आणि शेजारी तासांची वही, एवढं असल्याशिवाय पावसाळ्यात लांबलचक प्रयोग लावू नये, असं माझं मत आहे.

क्यूबवरचे आकडे वाचायला शिका

क्यूबवर ४७०/४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पट्ट्याचा मध्य, दुसरा त्याची एकूण रुंदी. म्हणजे ४५० ते ४९०. मध्याच्या दोन्ही बाजूंना ४० नव्हे, वीस-वीस. ही गफलत नेहमी होते. असा ठरावीक पट्टाच सोडणारा तो बँडपास. एलपी ५१५ म्हणजे लाँगपास: ५१५ च्या पुढचं सगळं सोडणारा.

एफआयटीसीचा नेहमीचा क्यूब असा असतो: एक्सायटेशन ४७०/४०, डायक्रोइक ४९५, एमिशन ५२५/५०. एफआयटीसी ४९५ च्या आसपास सर्वांत जास्त शोषतो आणि ५२० च्या आसपास सर्वांत जास्त चमकतो. एक्सायटेशन शिखराच्या थोडं अलीकडे थांबवलं आहे आणि एमिशन ५०० पासून सुरू केलं आहे, म्हणजे दोघांमध्ये १० नॅनोमीटरची मोकळी जागा सोडली आहे. ती जागा बुजली की दिव्याचा उजेड थेट वर येतो आणि "सगळंच हिरवं" ही तक्रार सुरू होते. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनालाही हाच क्यूब चालतो, कारण त्याचे आकडे ४८८ आणि ५०८ च्या जवळपास आहेत.

डॅपी आणि होक्स्ट हे डीएनएला चिकटल्यावर ४६० च्या आसपास निळे चमकतात, त्यांना एमिशन ४६०/५० ठीक. रोडामीन गटाला ५४५/२५ चं एक्सायटेशन आणि ६०५/७० चं एमिशन. गडद लाल चमकणाऱ्या साय-५ या रंगाला ६२०/६० आणि ७००/७५. साय-५ ची चमक डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, कॅमेराच लागतो. आयपीसमधून बघून "रंगलं नाही" म्हणत स्लाइड टाकून देऊ नका.

अरुंद पट्टा घ्यावा की रुंद? अरुंद घेतला तर काळोख चांगला मिळतो, पण चमक कमी. रुंद घेतला तर उलट. एकच रंग वापरणार असाल तर रुंद घ्या, दोन-तीन रंग एकत्र असतील तर अरुंद. आणि विभागाकडे एकाच क्यूबपुरते पैसे असतील, तर मी निळ्या एक्सायटेशनचा लाँगपास घेईन: ४७०/४०, डायक्रोइक ४९५ किंवा ५००, एमिशन एलपी ५१५. शोधनिबंधातल्या चित्रांसाठी तो आदर्श नाही, पण शिकण्यासाठी त्याच्याइतका बोलका क्यूब नाही. कारण पुढच्या पायरीत कळेल.

रंग न लावता क्यूब तपासा

क्यूब हातात आला की महागड्या रंगाची कुपी उघडण्याआधी हे करा.

जांभ्याच्या गडग्यावर पावसाळ्यात हिरवंगार मॉस येतं. त्याचं एक इवलंसं पान चिमट्याने सोडवून पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप. हे पान बहुतांशी पेशींच्या एकाच थराचं असतं, म्हणून कापावं लागत नाही. साध्या उजेडात फोकस करा, मग तो बंद करून निळ्या एक्सायटेशनचा लाँगपास क्यूब लावा. हरितलवकं लालभडक ठिपक्यांसारखी उजळतात. हे क्लोरोफिल आहे. त्याची चमक ६८० च्या आसपास असते. आता तीच स्लाइड न हलवता ५२५/५० चा बँडपास क्यूब लावा. लाल गायब. पान तेच, दिवा तोच, एक्सायटेशनही तेच. फक्त एमिशन फिल्टर ५५० च्या पुढे काही सोडत नाही. फिल्टर म्हणजे काय ते या दोन मिनिटांत जितकं कळतं तितकं वर्गात फळ्यापुढे बसून कळत नाही. बँडपासमध्येही लाल दिसत राहिलं तर तो फिल्टर बँडपास नाही किंवा खराब झाला आहे.

यातून दुसराही धडा घ्यायचा. शेवाळ, पानं, डायटम यांच्यावर काम असेल तर साय-५ सारखा रंग घेऊ नका. ७००/७५ च्या पट्ट्यात क्लोरोफिल आधीच बसलेलं आहे.

मग स्वयंपाकघरातली हळद. चिमूटभर पूड पाण्यात मिसळून थेंब घ्या. करक्युमिन निळ्या-जांभळ्या उजेडात हिरवट-पिवळं चमकतं, त्यामुळे हिरव्या पट्ट्याचा क्यूब तपासायला फुकटात नमुना मिळतो. जास्वंदीचे परागकणही चांगले. त्यांचं काटेरी कवच रंग न लावताच चमकतं आणि काटे फोकस करण्याचा सराव होतो. हळद हाताळलेल्या हाताने पुढच्या स्लाइडला मात्र शिवू नका.

शेवटी कोरी स्लाइड, तिच्यावर नुसता पाण्याचा थेंब आणि कव्हरस्लिप. प्रत्येक क्यूबमधून, ज्या एक्स्पोजरवर पुढे काम करणार त्याच एक्स्पोजरवर फोटो घ्या. हा तुमचा काळोख. तो राखाडी आला तर कारण शोधा: खोलीतली ट्यूबलाइट, खिडकीची फट, चमकणारं इमर्शन ऑइल, धुळीने माखलेला फिल्टर. डॅपीच्या क्यूबमध्ये निळे लांब दोरे दिसले तर ते बहुधा तुमच्या एप्रनचे आहेत. कपड्यांच्या पावडरीतली उजळवणारी द्रव्यं अतिनील उजेडात निळी चमकतात.

हिवाळ्याच्या रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या उजळतात तेव्हा मुलं बाटली भरून आणतात आणि ते पाणी कोणत्या क्यूबमध्ये बघायचं म्हणून विचारतात. कोणत्याच नाही. लाटा उजळवणारा नॉक्टिल्युका हा सूक्ष्म जीव स्वतःच्या रासायनिक क्रियेने उजळतो, त्याला बाहेरचा दिवा लागत नाही. दिवा बंद करून, अंधारात बाटली हलवून बघा.

क्यूबमध्ये काचा बसवताना

तयार क्यूब मिळाला असेल तर ही पायरी सोडा. सुट्या काचा बसवायच्या असतील तर हातमोजे घाला आणि काच फक्त कडेने धरा. फिल्टरच्या कड्यावर बाण असतो. त्याची दिशा कोणत्या बाजूला ठेवायची हे सगळ्या कंपन्या सारखं ठरवत नाहीत, तेव्हा अंदाजाने किंवा दुसऱ्या कंपनीच्या क्यूबकडे बघून बसवू नका. सोबतचा कागद वाचा.

डायक्रोइकचा मुलामा असलेला पृष्ठभाग दिव्याच्या आणि नमुन्याच्या बाजूला यायला हवा. कोणता तो ओळखायला टोकदार काडी काचेच्या जवळ न्या, पण टेकवू नका. मुलाम्याच्या बाजूने काडी आणि तिचं प्रतिबिंब एकमेकांना भिडल्यासारखं दिसतं. उलट बाजूने मध्ये काचेच्या जाडीइतकं अंतर राहतं आणि प्रतिबिंब दुहेरी दिसतं. स्क्रू करकचून आवळू नका. डायक्रोइक किंचितही वाकली तर चित्र सरकतं किंवा अस्पष्ट होतं. या काचांचा पट्टा उजेड कोणत्या कोनातून येतो त्यावरही अवलंबून असतो. काच जास्त तिरकी झाली की तो कमी लांबीकडे सरकतो, सरळ झाली की जास्त लांबीकडे. पंचेचाळीस अंशांसाठी बनवलेली काच सरळ बसवून चालत नाही ती यामुळेच.

आता खरी स्लाइड: कालवाचा कल्ला

पहिल्या जिवंत नमुन्यासाठी कालवासारखं काही नाही. खाडीवर भरपूर मिळतात, आणि कल्ल्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला तरी पेशींवरचे सूक्ष्म केस वळवळताना दिसतात. म्हणजे पेशी जिवंत आहेत याची खात्री डोळ्यांसमोरच होते.

तुकडा ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवायचा नाही, पेशी फुगून फुटतात. समुद्राचं पाणी वापरायचं, पण कुठलंही नाही. कालवाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं, आणि श्रावणात भाट्याच्या खाडीत कालवाभोवतीचं पाणी मे महिन्यातल्यापेक्षा कितीतरी गोडं झालेलं असतं. म्हणून ज्या जागेवरून कालव काढलं तिथलंच पाणी बाटलीत घ्या आणि गाळून वापरा. ही साधी काळजी न घेतल्यामुळे पेशी मरतात आणि दोष रंगाला दिला जातो.

जिवंत पेशींसाठी डॅपीपेक्षा होक्स्ट ३३३४२ बरा, कारण तो अखंड पटलातून आत जातो. मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम, दहा मिनिटं, अंधारात. मग त्याच पाण्याने धुऊन कव्हरस्लिप. हे रंग डीएनएला चिकटतात, तुमच्याही. हातमोजे काढायचे नाहीत.

आधी साध्या उजेडात फोकस. मग खोलीतला दिवा बंद, शटर उघडा, बघा, शटर बंद. शटर उघडं ठेवून गप्पा मारत बसलं की रंग जळून जातो आणि नंतर कितीही फोकस फिरवला तरी काही दिसत नाही. दोन-तीन रंग लावले असतील तर फोटो जास्त लांबीच्या रंगापासून सुरू करा आणि डॅपी-होक्स्टचा अतिनील उजेड शेवटी ठेवा, कारण तोच बाकीच्यांना लवकर जाळतो. अतिनील क्यूब चालू असताना समोरची नारिंगी ढाल काढून स्लाइडकडे वाकून बघू नका. एलईडी असला तरीही.

अक्रिडीन ऑरेंज वापरणार असाल तर बँडपास नको. डीएनएजवळ तो हिरवा, ५२५ च्या आसपास, आणि आरएनएजवळ लाल, ६५० च्या आसपास चमकतो. दोन्ही एकदम बघायचे तर मघाचा लाँगपासच हवा.

एका रंगाचं दुसऱ्यात झिरपणं

डॅपीची चमक ४६० ला शिखर गाठते, पण तिची शेपटी हिरव्या पट्ट्यापर्यंत पोचते. एफआयटीसीची शेपटी नारिंगीत शिरते. त्यामुळे हिरव्या फोटोत केंद्रकं दिसली म्हणजे तिथे हिरवा रंग पोचला असं लगेच मानू नका. उपाय एकच, पण त्याचा कंटाळा केला जातो: एक स्लाइड बिनरंगाची, आणि प्रत्येक रंग एकटा लावलेली एकेक स्लाइड. या सगळ्या स्लाइड प्रत्येक क्यूबमधून, त्याच एक्स्पोजरवर बघायच्या. फक्त डॅपी लावलेली स्लाइड हिरव्या क्यूबमध्ये जेवढी उजळेल, तेवढं तुमचं झिरपणं.

बिनरंगाची स्लाइड तिवर-कांदळाच्या पानांना तर अनिवार्य. पेशीभित्तिका अतिनील उजेडात आपोआप निळ्या दिसतात, क्लोरोफिल लाल असतंच. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवलेल्या ऊतींची स्वतःची चमक आणखी वाढते, म्हणून फ्लुरोसन्ससाठी ४ टक्के फॉर्मल्डिहाइड बरं.

फोनने आयपीसमधून फोटो काढणाऱ्यांना एवढंच: फोन रंग आणि एक्स्पोजर आपल्या मनाने ठरवतो. ते लॉक केल्याशिवाय दोन फोटोंची तुलना करू नका, आणि मोजमाप तर मुळीच करू नका.

पावसाळा आणि बुरशी

किनाऱ्यावर फिल्टरचा खरा शत्रू हा. दमट हवेत मुलाम्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात आणि एकदा बुरशीने मुलामा खाल्ला की पुसून काही होत नाही. वापरात नसलेले क्यूब घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवा. पैसे असतील तर आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवणारं ड्राय कॅबिनेट घ्या. माझ्या मते पहिला खर्च त्याच्यावर व्हावा, चौथ्या क्यूबवर नव्हे. टरेटमधलं, म्हणजे क्यूब बसवायच्या फिरत्या चकतीतलं, रिकामं घर उघडं ठेवू नका, झाकणी लावा.

एसीच्या खोलीतून काढलेला थंड क्यूब दमट व्हरांड्यात उघडला तर त्याच्यावर लगेच दव धरतं. बंद डब्यातच अर्धा तास ठेवून मग उघडा.

साफ करताना क्रम असा: आधी रबरी फुग्याने हवा, मग गरज असेल तरच लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन हलक्या हाताने एकाच दिशेने. तोंडाने फुंकर मारायची नाही, एप्रनच्या टोकाने पुसायचं नाही, ॲसिटोन तर जवळही आणायचं नाही, त्याने काचा चिकटवलेला डिंक विरघळू शकतो. जुन्या मऊ मुलाम्याच्या फिल्टरला अल्कोहोलही लावू नका. हवा मारून थांबा.

दर पावसाळा संपला की एक्सायटेशन फिल्टर काढून साध्या टेबललॅम्पसमोर धरा. पाऱ्याच्या दिव्यासमोर नाही, त्याने डोळा जाईल. काचेत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर मुलामा तिथून उडाला आहे आणि दिव्याचा उजेड तिथूनच गळतो आहे. एखादा ठिपका असेल तर कोऱ्या स्लाइडचा जुना फोटो आणि आजचा फोटो एकाच एक्स्पोजरवर शेजारी ठेवून बघा. फरक नसेल तर वापरत राहा. फरक असेल तर पूर्ण क्यूब टाकू नका, फक्त एक्सायटेशनची काच मागवा. मागवताना तिचा व्यास आणि क्यूबचं मॉडेल लिहायला विसरू नका.